सांगली-मिरजेत घरी जाऊन पेशंट बघायचं काम : कुठं विचारायचं, काय ठरवून घ्यायचं?

कुपवाडची_सिस्टर

नमस्कार. माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे. मिरजेतल्या खाजगी दवाखान्यांत आयसीयू आणि मेडिसिन वॉर्ड दोन्हीकडं काम केलंय. धाकटा झाल्यावर नाईट जमेना म्हणून सोडलं. आता तो शाळेत जातो, सासूबाई घरी असतात, आणि मला परत काम सुरू करायचंय. फिरती ड्यूटी मात्र नको. त्यामुळं घरी जाऊन पेशंट बघावेत असं मनात आहे.

चौकशी केली तर घरोघरी नर्स पुरवणाऱ्या एका ब्युरोनं मूळ सर्टिफिकेटं जमा करायला सांगितली. वर "पेशंटच्या घरातलंही थोडंफार बघावं लागतं" असं ऐकवलं. मी घाबरले नाही, पण गोंधळले. काम नक्की मिळतं कुठून? पैसे कसे ठरवतात? आणि सिस्टर म्हणून एखाद्याच्या घरी गेल्यावर आपलं काम कुठं सुरू होतं नि कुठं संपतं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

मिरजेचा_ब्रदर

मूळ कागद कुणालाही देऊ नका. ब्युरो कितीही नावाजलेला असू दे. झेरॉक्स द्या, तिच्यावर सही आणि तारीख टाकून "फक्त पडताळणीसाठी" असं आडवं लिहा. मूळ कागद समोर दाखवा आणि पर्समध्ये ठेवा. माझ्या बॅचच्या एकीचे कागद असेच अडकले होते. नवी नोकरी लागली तरी तिला जॉईन होता येईना.

विश्रामबाग_सिस्टर

ताई, मी बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे. १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कर्नाटकातनं, कोकणातनं, सोलापूरकडनं पेशंट येतात. पण तिकडचे पेशंट बरे झाले की आपापल्या गावी जातात. आपल्याला घरचं काम मिळतं ते सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर, जयसिंगपूर, तासगाव इथल्या लोकांकडं. यातल्या बऱ्याच घरांत पोरं पुण्याला नाहीतर परदेशात आणि इथं दोघंच म्हातारी माणसं.

काम शोधायची खरी वेळ म्हणजे डिस्चार्जचा दिवस. खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेले, नाकात नळी किंवा लघवीची पिशवी घेऊन घरी जाणारे, कॅन्सरचे शेवटच्या टप्प्यातले. यांच्या घरच्यांना त्या दिवशी कळतं की आता हे सगळं आपल्यालाच करायचंय. ते विचारतात कुणाला? वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला. त्यामुळं तुमच्या जुन्या वॉर्डांत जाऊन भेटा, फोनवर सांगू नका. दुसरा माणूस फिजिओथेरपिस्ट. तो रोज चार-पाच घरांत जातो आणि कुठल्या घराला कुणाची गरज आहे हे त्याला आधी कळतं. तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे सर्जिकलचं दुकान. फॉलर बेड, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं न्यायला आलेला मुलगा तिथंच काउंटरवर विचारतो, "कोण सिस्टर मिळतील का हो?"

अशा ठिकाणी एक साधा कागद देऊन ठेवा. नाव, शिक्षण, कौन्सिलचा नंबर, कुठल्या वॉर्डात किती काळ होता आणि काय काय करता. "सर्व प्रकारची सेवा" असं लिहू नका, त्यातून कुणाला काहीच कळत नाही. राइल्स ट्यूब (नाकातनं पोटात जाणारी नळी) फीडिंग, कॅथेटर (लघवीची नळी) केअर, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) सक्शन, बेडसोर (पडून राहून होणारी जखम) ड्रेसिंग, इन्सुलिन असं एकेक लिहा. कुठल्या भागात येऊ शकता आणि किती वाजेपर्यंत, हेही लिहा.

हो म्हणण्याआधी पेशंट एकदा बघून या. आणि पहिल्या दिवशी, घरचं कुणीतरी समोर असताना, पेशंटची पाठ बघा. माकडहाड, खुबे, टाचा, डोक्याची मागची बाजू. कुठं लाल झालंय, कुठं कातडी गेलीय ते वहीत लिहा, घरच्यांच्या परवानगीनं फोटो काढा, खाली त्यांची सही घ्या. आयसीयूतनं आलेल्या पेशंटला बेडसोर बऱ्याचदा तिथूनच आलेला असतो, आणि घरात तो आठवड्याभरानं दिसला की बोट तुमच्याकडं वळतं. मी या वहीशिवाय कामाला हातच लावत नाही.

केअरटेकर_दादा

मी नर्स नाही. जीडीएचा म्हंजे पेशंटची देखभाल करायचा कोर्स केलाय, पुरुष पेशंट सांभाळतो. ब्युरोला सगळे नावं ठेवत्यात, पण माझा अनुभव येगळा हाय. नवीन माणसाला कोण वळखत नसतंय. पहिली कामं मला ब्युरोनंच दिली. मी आजारी पडलो तर बदली माणूस त्यांनीच धाडला, न्हायतर पेशंटला टाकून मी कसा झोपणार? एका घरानं महिन्याचे पैसे देताना टाळाटाळ केली तवा ब्युरोचा माणूस जाऊन बसला आणि घिऊनच आला. मला एकट्याला ते जमलं नसतं.

मिरजेचा_ब्रदर

दादा, तुमचं पटतं. पण हिशोब सगळ्यांनी करून बघावा. समजा घरचे दिवसाला १,००० देतात आणि ब्युरो त्यातले २०० ठेवतो. ३० दिवसांचे ६,००० झाले. काम मिळवून दिलं म्हणून पहिल्या महिन्यात हे रास्त आहे. आठव्या महिन्यातही तेवढेच कापले जात असतील तर ते कशाचे, हे विचारायला हवं. आधीच चार गोष्टी लिहून घ्या: कापणार किती, किती महिने कापणार, सुट्टीला बदली कोण देणार, आणि घरच्यांनी बुडवले तर कोण भरणार. ज्या ब्युरोला हे लिहून द्यायला जड जातं तिथं जाऊ नका.

केअरटेकर_दादा

हे बरोबर बोललासा.

गावभाग_पुणे

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. आईला पॅरालिसिस आहे, उजवी बाजू पूर्ण गेली. वडील ऐंशीच्या घरात. आम्ही दोघं भाऊ पुण्यात. सांगलीच्या घरात कोण आहे, आईला कसं वागवतंय, ही काळजी दिवसभर डोक्यात असते.

आम्हाला सुरुवातीला नर्स कोण आणि केअरटेकर कोण हेच कळत नव्हतं. पांढरा कोट घातला की सगळे "सिस्टर". पहिल्या बाईंनी स्वतःला नर्स म्हणवून घेतलं, आणि नळीतून दूध देताना आईला सपाट झोपवलेलं वडिलांनी बघितलं. आईला ठसका लागला, नंतर छातीत कफ झाला, पुन्हा दवाखाना. तेव्हापासून मी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारल्याशिवाय पुढं बोलत नाही. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही, उलट ती स्वतःहून दाखवते.

आता ज्या येतात त्या आईला भरवताना डोकं उंच करतात, नंतर तासभर तसंच ठेवतात. वहीत वेळ, किती मिली दिलं, लघवी किती झाली, बीपी, साखर, कुठल्या कुशीवर वळवलं सगळं लिहितात आणि संध्याकाळी त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवतात. त्या एका फोटोनं आम्हाला झोप लागते. ताई, तुम्ही हे पहिल्या दिवसापासून करा, घरचे तुम्हाला सोडणार नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आईच्या खोलीत कॅमेरा लावलेला चालतो का? आणि दुपारी वडिलांना चहा करून द्या म्हणणं चूक आहे का?

विश्रामबाग_सिस्टर

दादा, कॅमेरा लावा, पण सांगून लावा. कुठल्या दिशेला आहे तेही सांगा. पेशंटचं स्पंजिंग, डायपर चालू असताना तो बंद असला पाहिजे, कारण अब्रू तुमच्या आईची आहे. बाथरूमच्या दाराकडं किंवा सिस्टर कपडे बदलते तिकडं तोंड नको. न सांगता लावलेला कॅमेरा मला एका घरात दिसला, मी त्याच दिवशी काम सोडलं.

चहाचं म्हणाल तर एक कप चहा कुणी नाही म्हणत नाही. माझ्यासाठी करते तेव्हा काकांसाठीही टाकते. पण चहापासून भाकरी, भाकरीपासून धुणं, आणि पाहुणे आले की दहा कप, असं ते वाढत जातं. पेशंटचं जे जे आहे ते माझं: त्याचं खाणं मिक्सरमधनं काढणं, त्याची भांडी उकळणं, चादर बदलणं, घाण झालेले कपडे वेगळे काढणं, त्याच्या खोलीची स्वच्छता. घराचा केर, सगळ्यांचा स्वयंपाक, नातवाची शाळेची बस, हे माझं नाही. हे मी पहिल्याच भेटीत हसतमुखानं पण स्पष्ट सांगते, आणि माझ्या कागदावर लिहिलेलंही असतं. मागाहून सांगितलं की भांडण होतं.

गावभाग_पुणे

पटलं. वडिलांच्या चहा-नाष्ट्यासाठी वेगळी बाई बघतो.

कुपवाडची_सिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आणि फोटोचं पक्कं ठरवलं.

एक अडचण आत्ताच आलीय. मी घरी काम करणार म्हटल्यावर गल्लीतल्या काकूंचा निरोप आला, "काकांना अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून जा, सुई घालायला तुला किती वेळ लागतोय?" काकांना बीपी आहे, पायाला सूज असते. मी नाही म्हटलं तर "शिकली आणि शेफारली" असं बोलणं होतं. तुम्ही लोक काय करता?

निवृत्त_परिचारिका

बाळा, नाही म्हणायचं. गल्ली काय म्हणते याचा इथं संबंध नाही.

मी सरकारी दवाखान्यात वॉर्ड, कॅज्युअल्टी, शेवटी मेट्रन म्हणून काम केलं. आपल्या भागात सलाईन म्हणजे ताकद अशी समजूत इतकी रुजलीय की ऊसतोडीहून आलेला माणूसही आधी सलाईन मागतो. एका बाटलीत मीठ किंवा साखर आणि पाणी असतं. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड थकलंय, ज्याच्या पायाला सूज आहे, त्याला ते पाणी फुप्फुसात साठू शकतं. तुझ्या काकांना अशक्तपणा का आलाय हे कुणी तपासलंय? हिमोग्लोबिन बघितलंय? साखर? मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन? सूज असलेल्या माणसाला बाहेरून पाणी चढवायचं की आतलं काढायचं, हे डॉक्टरनं ठरवायचं आहे. काकूंना सांग, "आधी काकांना डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येते." पायाची सूज आणि बीपी लिहून ने. नर्स म्हणून तू त्या घराचं भलं करशील ते याच वाटेनं.

इंजेक्शनचंही तसंच. लेखी ऑर्डर पाहिजे: औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या मार्गानं, किती वेळा, किती दिवस, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. रात्री डॉक्टर फोनवर बोलले तर "सर, व्हॉट्सअपवर टाकता का?" असं नम्रपणे म्हणायचं आणि मेसेज आल्यावरच हात लावायचा. चांगला डॉक्टर रागावत नाही. अँटिबायोटिक इंजेक्शनचा पहिला डोस घरी द्यायचाच नाही. तो दवाखान्यात होऊ दे. रिअॅक्शन आली, अंगावर गांध्या उठल्या, घसा आवळला, बीपी पडलं, तर मिनिटांत मांडीच्या स्नायूत अॅड्रेनालिन आणि ऑक्सिजन लागतो. गावभागातल्या दुसऱ्या मजल्यावर तू एकटी कुठून आणणार?

राइल्स ट्यूबबद्दल वर वाचलं म्हणून तेही सांगते. नळी निघाली की घरचे घाई करतात, "घाला की परत, उपाशी आहेत." पॅरालिसिसच्या बऱ्याच पेशंटना खोकला नीट येत नाही, त्यामुळं नळी श्वासनलिकेत गेली तरी तो कधी कधी गप्प पडून असतो. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावायची जुनी पद्धत आपण सगळ्या शिकलो, पण तिच्यावर विसंबू नये. पोटातलं पाणी ओढून त्याची आम्लता बघ, शंका असेल तर एक्स-रे. खात्री होईपर्यंत एक थेंब द्यायचा नाही. दोन तास उपाशी राहिल्यानं जेवढं बिघडतं त्याच्या कैक पट फुप्फुसात दूध गेल्यानं बिघडतं. इन्सुलिन घेतलेला असेल तर मात्र साखर तपासत राहा आणि डॉक्टरला लगेच कळव.

सुईला टोपण परत लावायचं नाही. जाड प्लास्टिकचा डबा, झाकणाला सुई जाईल एवढं भोक, भरला की दवाखान्याच्या बायोमेडिकल कचऱ्यात द्यायचा. आधी विचारून ठेव कोण घेतं ते. घरच्या बादलीत टाकलेली सुई सकाळी कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जाते. आणि तुझे हिपॅटायटिस बी चे ३ डोस, ०, १ आणि ६ महिन्यांचे, पूर्ण झालेत का बघ.

केअरटेकर_दादा

मॅडम, मी हे छापून ठेवतो. एक विचारू का? मला पण घरची माणसं इंजेक्शन द्या म्हणत्यात.

निवृत्त_परिचारिका

नाही द्यायचं. तुमच्या कोर्समध्ये ते नाही. वळवणं, आंघोळ, भरवणं, बीपी-साखर मोजून लिहिणं, चालवणं हे तुम्ही मनापासून करता, आणि पेशंटचं निम्मं बरं होणं त्यातच असतं. दर २ तासांनी कूस बदलणारा माणूस घरात असला तर बेडसोरला जागाच कमी मिळते. सुईपायी ते घालवू नका.

संजयनगरची_मुलगी

मी एएनएम (जीएनएमपेक्षा लहान नर्सिंग कोर्स) आहे. रात्रीच्या ड्यूटीला जाताना भीती वाटते. पेशंट बेडवर असतो पण घरात इतर पुरुष असतात. एका घरात मुलानं रात्री उगीच दार वाजवलं. ब्युरोला सांगितलं तर म्हणाले, "दुसरं घर देतो, विषय वाढवू नका." अशा वेळी तक्रार कुठं करायची? घर म्हणजे काही ऑफिस नाही.

वकील_मार्केटयार्ड

ताई, कायद्याच्या दृष्टीनं ते घर तुमच्या कामाचीच जागा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा जो २०१३ चा कायदा आहे, त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घर स्पष्टपणे धरलेलं आहे. ज्या ब्युरोकडं १० किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्यांनी अंतर्गत समिती नेमायचीच असते. त्याहून लहान ब्युरो असेल किंवा तुम्ही थेट काम करत असाल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिच्याकडं लेखी तक्रार द्यायची. मुदत घटनेपासून ३ महिने. समितीनं कारण मान्य केलं तर आणखी ३ महिने वाढू शकतात. तातडीला ११२, आणि महिलांसाठी १८१. "विषय वाढवू नका" असं सांगणाऱ्या ब्युरोचा मेसेज जपून ठेवा, डिलीट करू नका.

विश्रामबाग_सिस्टर

आणि पोरी, नव्या घरी पहिली नाईट कधीच घ्यायची नाही. पहिला दिवस दिवसपाळी. घर बघ, बाथरूमला आतून कडी आहे का बघ, रात्री घरात कोण कोण असतं ते विचार. घरात दुसरी एकही बाई नसेल तर रात्रपाळी नको. पत्ता आणि लोकेशन घरी पाठवून ठेव, आणि ते पाठवलंय हे त्या घरातल्यांसमोर फोनवर बोल.

हरिपूर_काठ

पुराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आमच्याकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आमच्या घरी आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच वीज गेली. कॉन्सन्ट्रेटर विजेवर, एअर बेडची मोटर विजेवर, सक्शन विजेवर. आमच्या सिस्टरनं आदल्या दिवशीच आग्रह धरून आजोबांना विश्रामबागेत मामांकडं हलवायला लावलं होतं, म्हणून ते वाचले.

हरिपूर, सांगलीवाडी, गावभाग, कर्नाळ रोड या भागात काम घेणार असाल तर पावसाळ्याआधी घरच्यांशी बोलून ठेवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. अंथरुणावरच्या पेशंटसाठी इशारा पातळीची वाट बघायची नाही, पाणी चढतंय आणि कोयना धरणातनं विसर्ग वाढतोय असं कळलं की हलवायचं. हलवताना लागतात त्या वस्तू एका पिशवीत तयार पाहिजेत: डिस्चार्ज कार्ड, १५ दिवसांची औषधं, लघवीच्या जादा पिशव्या (युरोबॅग), डायपर, भरलेला छोटा सिलिंडर, आणि इन्सुलिन असेल तर थर्मास. स्ट्रेचर जिन्यातनं उतरतो का हे कोरड्या दिवसात एकदा मोजून बघा.

मिरजेचा_ब्रदर

पैशांचं एक राहिलंय. महिन्याच्या शेवटी घेऊ नका, दर आठवड्याला घ्या. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण आपले बरेच पेशंट शेवटच्या टप्प्यातले असतात. १९ तारखेला पेशंट गेला तर त्या घरात रडारड चालू असताना तुम्ही १९ दिवसांचे पैसे मागू शकत नाही. दहावं, तेरावं होईपर्यंत थांबता, तोवर मुलं पुण्याला निघून जातात. लोक वाईट नसतात, त्यांच्या डोक्यातनंच जातं. आठवड्याचा हिशोब आधीच ठरलेला असला की कुणालाच अवघड होत नाही.

आणि पेशंट गेला त्या दिवसापासून आपलं कामही थांबतं. दिवसातनं तासभराच्या दोन-तीन व्हिजिटा असतील, कुणाचं ड्रेसिंग, कुणाचा कॅथेटर बदलायचा, तर एक पेशंट गेला तरी सगळं बंद पडत नाही. ज्यांना मुलं लहान आहेत त्यांना तर १२ तासांच्या ड्यूटीपेक्षा व्हिजिटच बऱ्या. फक्त प्रवासाचा वेळ आणि पेट्रोल दरात धरा. कुपवाडहून हरिपूर आणि तिथून मिरज, यात अख्खी दुपार जाते.

विश्रामबाग_सिस्टर

ब्रदर, खरंय. मी तर पेशंट गेल्यावर तेराव्याला जाऊन येते. आजवर कुठल्याच घरानं मला परकं मानलं नाही, आणि पुढची कामंही त्याच नातेवाइकांकडून आली.

कुपवाडची_सिस्टर

काकूंबरोबर डॉक्टरांकडं जाऊन आले. काकांना रक्ताच्या तपासण्या सांगितल्यात, सलाईनचं नावही काढलं नाही त्यांनी.

जुन्या वॉर्डातनं आजच एक नंबर मिळाला. खुब्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, शंभर फुटी रोडला, परवा डिस्चार्ज. आज रात्री त्यांच्या सुनेला फोन करायचाय. भेटायला जाण्याआधी फोनवरच काय विचारून घेऊ?

निवृत्त_परिचारिका

वजन विचार. सगळ्यात आधी. ८० किलोचा माणूस एकटीनं वळवायचा नसतो, कंबर गेली की तुझं कामच बंद. घरात मदतीला दुसरा हात कोण, ते विचार. मजला कितवा, लिफ्ट आहे का, संडास कमोडचा आहे का भारतीय. खुब्याच्या पेशंटला भारतीय संडासावर बसवायचं नसतं, कमोड नसेल तर कमोड खुर्ची आधी आणून ठेवायला सांग. ऑपरेशनमध्ये प्लेट-स्क्रू घातलेत का खुब्याचा गोळा बदललाय, पायावर वजन द्यायला कधीपासून सांगितलंय, हे डिस्चार्ज कार्डावर असतं, त्याचा फोटो मागव. गोळा बदललेला असेल तर कुशीवर वळवताना दोन पायांत उशी लागते. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर ती कुणी द्यायची आणि किती दिवस, तेही त्याच कार्डावर बघ. आणि आजोबांना ऐकू येतं का, हेही विचारून घे.